गिअर नसलेली गाडी आणि आजीची वेणी

"गो-कार्टिंग म्हणजे ते मॉलमधलं ना गं?"

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आता मी फक्त मान हलवते. आमच्या मेसच्या काकांना शर्यत म्हटलं की बैलगाडीच आठवते. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतींच्या बाजूने निकाल दिल्याचं त्यांनी मला अगदी आनंदाने सांगितलं. रेक्टर मॅडमनी परवानगीच्या अर्जावर सही करताना चष्म्यावरून बघत विचारलं, "यात मुली बसतात का?" आणि माझी आजी (ती इथे गुहागरातच असते) म्हणाली, "अगो, गाडी गोल गोल फिरवून परत तिथेच यायचं तर कोल्हापूरपर्यंत जायचं कशाला? आपल्या अंगणात फिरव की!"

आजीच्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आज थोडंफार आहे, म्हणून हा लेख. (मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घ तपासण्याचं पुण्यकर्म मराठी विभागाच्या संपादकांकडे सोपवलं आहे.)

तर आधी कार्ट म्हणजे काय ते सांगते. 1956 साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियामध्ये, आर्ट इंगल्स नावाच्या माणसाने लोखंडी नळ्यांची एक चौकट केली, तिला चार छोटी चाकं लावली आणि गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवलं. रेसिंग कार बनवणाऱ्या कारखान्यात काम करणारा हा माणूस. पण त्याचं हे खेळणं बघून लोक इतके वेडे झाले की दोन-तीन वर्षांत त्याचा धंदा सुरू झाला आणि पुढे जगभर शर्यती. आजही कार्ट जवळजवळ तशीच आहे. सस्पेन्शन नाही. डिफरन्शियल नाही. भाड्याने मिळणाऱ्या कार्टला गिअरही नसतात. सेंट्रिफ्यूगल क्लच असतो. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा वेग वाढतो, क्लचमधले शूज बाहेर फेकले जातात, ड्रमला घट्ट धरतात आणि गाडी निघते. उजव्या पायाखाली ॲक्सिलरेटर, डाव्या पायाखाली ब्रेक. संपलं! आपण बसतो जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. त्यामुळे ताशी 40 चा वेगसुद्धा 100 सारखा वाटतो.

आता वयाचं बघू. मायकेल शूमाकर चार वर्षांचा असताना कार्टमध्ये बसला. लुईस हॅमिल्टन आठव्या वर्षी. आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला 2011 मध्ये सहारा फोर्स इंडियाच्या 'वन फ्रॉम अ बिलियन हंट'मध्ये निवडला गेला आणि पुढे फॉर्म्युला टूपर्यंत पोचून तिथे शर्यती जिंकला. त्याने साधारण तेराव्या वर्षी सुरुवात केली, तर त्याला लोक म्हणायचे उशीर झाला! आणि मी? थर्ड इयर मेकॅनिकल, वय वर्षं वीस, चालवण्याचा अनुभव एक स्कूटी. या हिशोबाने मला उशीर झालाच नव्हता, कारण गाडीच चुकली होती!

पण झालं असं की आमच्या मेकॅनिकलच्या टीमने विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी कार्ट बनवायला घेतली. मी चासीच्या ग्रुपमध्ये. महिनाभर नळ्या कापून, घासून, वेल्डिंगच्या ठिणग्या झेलून झाल्यावर प्रश्न आला, चालवणार कोण? सात जणांनी नाव दिलं. सहा मुलगे आणि मी. कॅप्टन म्हणाला, सगळे एकदा खऱ्या ट्रॅकवर जाऊ, भाड्याच्या कार्टवर चालवू, घड्याळ काय म्हणतं ते बघू. तक्रारीला जागा नको.

गुहागरात ट्रॅक नाही. आपल्याकडे सहा किलोमीटर लांब समुद्रकिनारा आहे, पण वाळूत कार्ट म्हणजे रुतलेली बोट. म्हणून कोल्हापूर. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे. 2010 च्या दशकात राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्याही तिथे झाल्या आहेत. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक पुढे ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्री मालिकेत धावला. कुस्ती आणि तांबड्या रश्श्याच्या गावात ही तिसरी गोष्टही आहे हे मला ठाण्यात राहून कधी कळलं नव्हतं! इथून रस्ता सरळ आहे. गुहागर-विजापूर रस्त्याने चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कराड. तिथून पुणे-बंगलोर हायवेने खाली. ट्रॅक्स ठरली. पैशांची सोय म्हणून मी आजीच्या आगळाच्या बाटल्या दिवाळीत ठाण्याच्या आमच्या सोसायटीत विकल्या. अर्धे आजीचे, अर्धे माझे, असा करार.

आणि मग आईचा फोन आला.

आई कधी ओरडत नाही. तिने फक्त दोन बातम्या वाचून दाखवल्या. फेब्रुवारी 2018, हरियाणातलं पिंजोर. कार्टच्या चाकात केस अडकून एका बाईचा मृत्यू, नवऱ्याच्या आणि लहान मुलाच्या देखत. ऑक्टोबर 2020, हैदराबाद. तसंच. ती मुलगी बी.टेक. करत होती. वय वीस.

"तुझे केस कुठपर्यंत आहेत?" आईने विचारलं.

कमरेपर्यंत. तिलाही माहीत होतं, तिनेच वाढवलेत ते.

मी म्हटलं, हेल्मेट असतं. ती म्हणाली, "त्या मुलीनेही घातलं होतं." यावर मी काय बोलणार? फोन ठेवल्यावर मी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन बसले. रूममेट म्हणाली, सोड ना, रेसर होणार आहेस का तू? दुसरी म्हणाली, सांगू नकोस घरी, जाऊन ये. दोन्ही सल्ले मला पटले नाहीत. सोडलं असतं तर कायमची रुखरुख राहिली असती. आणि लपवून गेले असते तर प्रत्येक वळणावर आईच आठवली असती.

मग जे आपण इंजिनीअर लोक करतो ते मी केलं. आकडेमोड. कार्टच्या मागच्या टायरचा व्यास साधारण 11 इंच, म्हणजे परिघ सुमारे 0.88 मीटर. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11.1 मीटर. भागाकार करा: मागचा ॲक्सल सेकंदाला साडेबारा फेरे फिरतो. ॲक्सल 40 मिलीमीटर जाडीचा धरला, तर एका सेकंदात तो दीड मीटरहून जास्त लांबीची दोरी गुंडाळेल. माझे केस पाऊण मीटर. म्हणजे अर्धा सेकंद. "थांब" म्हणायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. आणि हा ॲक्सल असतो कुठे? तुमच्या पाठीमागे, सीटच्या खाली, चेनसकट. तो तुम्हाला दिसतही नाही.

हे गणित मी वहीत मांडलं आणि शनिवारी आजीकडे घेऊन गेले. मला वाटलं ती आईची बाजू घेईल. आजीने गणित बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "हे तर आमचं पंपाचं झालं."

पूर्वी आमच्या वाडीत विहिरीवर रहाट होता. नंतर डिझेलचं इंजिन आलं, पट्ट्यावर पंप चालवणारं. माडा-पोफळींना पाणी लावायचं काम बायकांचं. आजी सांगते, पंपाजवळ जायचं तर पदर आधी कमरेला खोचायचा, वेणी ब्लाउजच्या आत सोडायची आणि मगच कोठीचं दार उघडायचं. सासूने पहिल्याच दिवशी सांगितलेला नियम. "इंजिनाला कोण भितं? पण फिरणाऱ्या पट्ट्याला भ्यायचंच. आणि पुढे तुझ्या आजोबांनी त्याला लाकडाची पेटी करून घातली, मग भीतीही गेली."

फर्स्ट इयरला वर्कशॉपच्या दारावर बोर्ड वाचला होता, 'केस बांधा, ओढणी काढा'. तो मी बोर्ड म्हणून वाचला होता. आजीच्या तोंडून ऐकला तेव्हा तो नियम झाला.

मग आमच्या प्रयोगाला सुरुवात झाली. एका मित्राचं हेल्मेट मी आणलंच होतं. आजीने आधी अंबाडा घातला. हेल्मेट डोक्यावर टोपलीसारखं तरंगायला लागलं. हेल्मेट घट्ट बसलं नाही तर त्याचा उपयोग नाही. मग दोन वेण्या डोक्याभोवती गुंडाळून बघितल्या. कानाच्या वर टोचायला लागलं. शेवटी तिने मानेपाशी एकच घट्ट वेणी घातली, शाळेतल्या मुलींसारखी दुमडली, वरून रिबीन गच्च गुंडाळली आणि ती बॉयलर सूटच्या कॉलरच्या आत पाठीवर सोडली. वरून बालाक्लाव्हा. तो बघून आजी म्हणाली, "अगो, ही तर माकडटोपी!" त्यावर हेल्मेट. मी डोकं हलवलं, वाकले, उड्या मारल्या. एक बटसुद्धा बाहेर नाही. आजीने मोबाईलवर माझा पाठमोरा फोटो काढायला लावला आणि आईला पाठवला. खाली माझ्याकडून लिहून घेतलं, 'मी स्वतः तपासलं आहे.' आईचं उत्तर यायला दोन तास लागले. आलं ते एवढंच: "तिथे गाडीचा मागचा भाग झाकलेला असेल तरच बस. नसेल तर परत ये. मला फोटो पाठव."

झाकलेला होता. मी बसण्याआधी कार्टच्या मागे जाऊन गुडघ्यावर बसले आणि फोटो काढला. मागे रांगेत उभे असलेले हसत होते. हसू देत.

आता ट्रॅकवरचं. पहिली गोष्ट कळली ती म्हणजे कार्टला पॉवर स्टिअरिंग नसतं आणि आपल्या हातांना ते फार लवकर समजतं. पाच-सहा फेऱ्यांत मनगटं भरून येतात. सस्पेन्शन नसल्यामुळे रस्त्यातला प्रत्येक खडा थेट बरगड्यांना भेटतो. नेहमी चालवणारे लोक बरगड्यांना वेगळं जाकीट का घालतात ते दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना कळलं.

दुसरी गोष्ट ब्रेकची. ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलला. म्हणजे वळताना जोरात ब्रेक मारला की मागची चाकं पकड सोडतात आणि कार्ट भिंगरीसारखी फिरते. म्हणून ब्रेक मारायचा तो सरळ रेषेत, वळणाच्या आधी. मग पाय उचलायचा, वळायचं आणि बाहेर निघताना हळूहळू ॲक्सिलरेटर. हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात समोर टायरची भिंत धावत येत असताना "अजून नाही, अजून नाही, आता!" एवढं मनाशी म्हणायला धीर लागतो.

तिसरी गोष्ट म्हणजे रेषा. नवा माणूस वळणाच्या आतल्या कडेला चिकटून जातो, कारण ते अंतर कमी. पण टायरची पकड ठरलेली असते. वळणातला जास्तीत जास्त वेग म्हणजे म्यू, जी आणि आर यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. म्यू 1 धरा. त्रिज्या 10 मीटर असेल तर वेग सेकंदाला 9.9 मीटर, म्हणजे ताशी 36 किलोमीटर. तेच बाहेरून आत आणि आतून परत बाहेर अशी मोठी रेषा धरून त्रिज्या 20 मीटर केली तर ताशी 50! फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये हे सूत्र मी तीन मार्कांसाठी पाठ केलं होतं. इथे तेच सूत्र मानेला आणि खांद्याला जाणवत होतं.

आणि चौथी गोष्ट, माझी सगळ्यात आवडती. डिफरन्शियल नाही म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार. पण वळताना आतल्या चाकाला कमी अंतर जायचं असतं आणि बाहेरच्या चाकाला जास्त. मग कार्ट वळते कशी? तर पुढच्या चाकांची भूमिती अशी ठेवलेली असते की स्टिअरिंग फिरवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, बाहेरचं वर जातं, चासी किंचित पिळते आणि आतलं मागचं चाक जमिनीवरून उचललं जातं! क्षणभर कार्ट तीन चाकांवर चालते. मी चासीच्या ग्रुपमध्ये कॅस्टर अँगलचे आकडे शीटमध्ये भरत होते तेव्हा ते फक्त आकडे होते. कोल्हापूरला एका वळणात सीटखालून तो हलका उचल जाणवला आणि मी हेल्मेटच्या आत मोठ्याने ओरडले, "अरे, हे आपलं बारा डिग्री!" कोणाला ऐकू गेलं नाही हे बरं झालं.

घड्याळाबद्दल सांगायचं तर त्याला कोणी लाडका नाही. तिथे ग्रेस मार्क नाहीत, ओरल नाही, सबमिशनची तारीख वाढवून मिळत नाही. पहिल्या फेरीपेक्षा माझी शेवटची फेरी 9 सेकंदांनी कमी होती. त्यातले 7 सेकंद पहिल्या पाच फेऱ्यांत गेले. उरलेले दोन जायला दिवस लागला. सात जणांत मी तिसरी आले. दोन ड्रायव्हर आणि एक रिझर्व्ह, म्हणजे मी रिझर्व्ह. पहिले आले ते दोघे खरंच जास्त वेगात होते. एकाच्या घरी ट्रॅक्टर आहे आणि तो आठवीपासून शेतात चालवतो. आमच्या सगळ्यांच्यात लहानपणी सुरुवात केलेला तोच एक!

परत आल्यावर डिझाइन रिव्ह्यू होता. मी उभी राहिले आणि म्हटलं, आपल्या कार्टला चेनवर आणि ॲक्सलवर पूर्ण गार्ड पाहिजे, सीटच्या मागे पत्रा पाहिजे. नुसत्या नियमात बसेल एवढी पट्टी नको. वजनवाला ग्रुप उखडला. महिनाभर त्यांनी ग्रॅमग्रॅम वाचवलं होतं. गार्डचं वजन 1 किलो 400 ग्रॅम. चर्चा तापली. कोणीतरी म्हणालं, "तुझ्या केसांसाठी सगळ्यांनी का वजन वाहायचं?"

मी वही उघडली. ड्रायव्हरसकट कार्ट 180 किलो. त्यातले 1.4 म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. "रविवारी मेसच्या जेवणानंतर याहून जास्त वाढतं," मी म्हटलं. हशा झाला. मग मी साडेबारा फेऱ्यांचं आणि अर्ध्या सेकंदाचं गणित फळ्यावर लिहिलं आणि हैदराबादची बातमी सांगितली. वय वीस, बी.टेक. आता हशा नव्हता. आमच्या टीममध्ये सगळ्यांचं वय तेच आहे. सर मागे बसून ऐकत होते; ते म्हणाले, "गार्ड लागेल. आणि चेन तुटली तर ती कुठे जाईल हेही बघा. तिला केस लागत नाहीत." त्या दिवसापासून गार्ड फक्त माझ्या केसांचा राहिला नाही.

यावरून मला एक गोष्ट समजली आहे, आणि आजीच्या प्रश्नाला मी तेच उत्तर देते. चार वर्षांच्या मुलाला कार्टमध्ये बसवलं तर ते घाबरत नाही, विचारतही नाही. त्याच्या वतीने त्याचे वडील सगळं बघतात. विसाव्या वर्षी बसणाऱ्याच्या मागे वडील उभे नसतात. त्याच्याजवळ भीती असते आणि प्रश्न असतात. मागे काय फिरतंय? ब्रेक कुठे लागतो? हे चाक उचललं का जातं? चॅम्पियन व्हायला कदाचित हे ओझं असेल. पण शिकायला याच्यासारखं भांडवल नाही. आम्ही उशिरा सुरुवात करणारे लोक जग जिंकायला जात नाही. कालच्या स्वतःपेक्षा दोन दशांश सेकंद कमी, एवढंच मागणं. ते मिळालं की परतीच्या ट्रॅक्समध्ये कुंभार्ली घाट उतरताना झोपसुद्धा लागत नाही.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आधी भाड्याच्या कार्टवरच चालवा; स्वतःची घ्यायचा विचार वर्षभर तरी नको. खऱ्या स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआय या आपल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं लायसन्स लागतं, ते नंतर. बूट बंद, लेस आत खोचलेल्या. ओढणी, मफलर, गळ्यातली दोरी काही नाही. हेल्मेट हलवून बघा. डोकं न हलता ते हललं तर दुसरं मागा. कार्टच्या मागे जाऊन बघा. ॲक्सल आणि चेन उघडी असेल तर पैसे परत मागा आणि मिसळ खा. कोल्हापूरला गेलात तर दिवस फुकट जाणार नाही!

आई आता फोनवर जेवलीस का विचारायच्या आधी विचारते, "किती सेकंद?" मे महिन्यात ती गुहागरला येणार आहे. आजीने तिला सांगून ठेवलंय की वेणी आपण घालू, तू फक्त तपास.

जूनमध्ये सीनियर पास होऊन जातील आणि टीममध्ये ड्रायव्हरच्या दोन जागा होतील. मुलगे, मुली, कोणीही चालेल, ट्रॅक्टरचा अनुभव असेल तर उत्तम. दर रविवारी सकाळी दहा वाजता वर्कशॉपमध्ये या. केस बांधून.